दुधाच्या गोठ्यावर चार दिवस: मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

पहिल्या संध्याकाळी मी ज्या म्हशीखाली बसले, तिनं दूध चोरलं. मागे खांद्यापर्यंत वळलेल्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस, तिसऱ्या वेताची म्हणजे तिसऱ्यांदा व्यालेली, संध्याकाळी साडेतीन लिटर हमखास देणारी. त्या दिवशी दोन लिटरवर थांबली. गोठ्याचे मालक आण्णांनी मला उठवलं, स्वतः बसले, रेडकू पुन्हा लावून बघितलं, पेंड टाकली. पण वर ओढलेला पान्हा, म्हणजे सडात उतरणारं दूध, काही परत आला नाही. थोड्या वेळानं दूध संस्थेच्या पावतीवर फॅट, म्हणजे दुधातला स्निग्धांश, ६.६ लागलं. रोज ७.२ लागायचं. त्या घरातलं कुणी मला एक शब्द बोललं नाही, पण पावती मी वाचली होती.

भोगावतीच्या काठावरचं हे गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं. घरी तीन म्हशी आणि दोन एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गायी दुधात, शिवाय एक गाभण, एक भाकड, दोन रेडकं आणि एक कालवड. त्यानंतर मी त्याच घरी आणि आणखी दोन गोठ्यांवर राहून आले. आता ओळखीपाळखीचे लोक विचारतात, मुलांना घेऊन जायचंय, काय करायचं, काय न्यायचं? त्यांच्यासाठी हे नीट लिहून ठेवतेय. गोठा हे त्या घराचं पोट आहे. आपण तिथे चार दिवस शिकायला जातो, तेव्हा आपल्यामुळे जनावर बिचकू नये आणि दूध तुटू नये, एवढं तरी आपल्याला जमायला हवं. पुढचं सगळं त्या हिशेबानं लिहिलंय.

गोठा निवडताना फोनवर विचारायचे प्रश्न

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं आणि पर्यटन संचालनालयाकडे केंद्रांची नोंदणी होऊ लागली. त्यामुळे राहण्याची सोय असलेली शेतं शोधणं सोपं झालंय. पण कृषी पर्यटन केंद्र आणि चालता गोठा या दोन वेगळ्या गोष्टी. बऱ्याच केंद्रांवर फोटोपुरती एक गाय, एक वासरू आणि रंगवलेली बैलगाडी असते. हुरडा आणि झोक्यासाठी जायचं असेल तर ते छान आहे, पण दुधाचं काम तिथे दिसणार नाही.

म्हणून फोनवर आधी विचारा, आत्ता किती जनावरं दुधात आहेत? दूध कुठे घालता? धार किती वाजता असते आणि कोण काढतं? खऱ्या गोठ्यावरचा माणूस न थांबता सांगतो, "तीन म्हशी दुधात, एक आटवलीय, पहाटे पाचला धार, सातच्या आत डेअरी." उत्तरात 'आम्ही पाहुण्यांच्या वेळेनुसार करतो' असं आलं, तर तो गोठा पाहुण्यांसाठी आहे असं समजा. दुधाळ जनावराची वेळ पाहुण्यांसाठी बदलता येत नाही. दोन धारांमधलं अंतर रोज सारखं लागतं, ते मागेपुढे झालं की दूध घटतं.

धार हातानं की मशीननं, हेही विचारा. आठ-दहा गायींच्या पुढे बहुतेक ठिकाणी मिल्किंग मशीन आलंय. मशीन बघण्यासारखं असतं, पण हातानं शिकायचं असेल तर दोन-चार म्हशींचं घरच बरं. बारामती, संगमनेर भागात गायींचे मोठे गोठे आहेत, मुक्त संचार पद्धतीचे, म्हणजे जनावरं दावणीला न बांधता कुंपणात मोकळी ठेवलेली. कोल्हापूर-सांगलीकडे घरामागची दावण आणि म्हशी जास्त. मुलं बरोबर असतील तर मुक्त गोठा सोपा जातो, कारण कुंपणाबाहेरून सगळं दिसतं.

गेल्या काही आठवड्यांत गोठ्यात काही आजार येऊन गेला का, हेही संकोच न करता विचारा. लाळ खुरकूत, लम्पी यांच्या साथीत कुणी स्वतःहून पाहुणे घेत नाही, पण विचारलेलं बरं. आपण आदल्या आठवड्यात दुसऱ्या गोठ्यावर गेलो असू तर ते आपणहून सांगायचं. लाळ खुरकुताचा विषाणू चपलेच्या तळव्यावरून, कपड्यांवरून या गोठ्यातून त्या गोठ्यात जातो.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हशी जास्त करून पावसाळ्याच्या शेवटापासून थंडीपर्यंत वितात, म्हणून हा दुधाचा पुष्टकाळ, भरपूर दुधाचे दिवस. गोठ्यात रेडकं असतात, चीक (व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध) असतो, ओली वैरण भरपूर असते. ऊस पट्ट्यात कारखान्यांचा हंगाम चालू असतो, त्यामुळे उसाच्या वाढ्यांचे, म्हणजे हिरव्या शेंड्यांचे, भारे डोक्यावरून, सायकलवरून, ट्रॅक्टरवरून गावात येत असतात.

एप्रिल-मेमध्ये दूध कमी आणि जनावरं उन्हानं त्रासलेली. म्हशीची कातडी काळी आणि तिला घाम कमी येतो, त्यामुळे ऊन तिला फार लागतं. त्या दिवसांत गोठ्यात नवखा माणूस नकोच. पावसाळा दिसायला सुंदर असतो, पण चिखल आणि माशा पुष्कळ, आणि काम दुप्पट. दिवाळीत वसुबारसेला गाय-वासराची पूजा बघायला मिळते आणि पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात. ते जरूर बघा, पण राहायला हॉटेल घ्या. सणात त्या घराला स्वतःचे पाहुणे असतात.

किमान तीन रात्री राहा. एका रात्रीत जनावराला आपली सवय होत नाही आणि आपल्या हातून काही होत नाही.

कोल्हापूर मुंबई-पुण्याकडून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रीत गाठता येतं. पुढे मध्यवर्ती बसस्थानकावरून गावाची एसटी. दुपारी पोहोचेल अशा बेतानं जा. पहाटे धारेच्या वेळी अनोळखी माणूस बॅग घेऊन गोठ्यासमोर उभा राहिला की काय होतं, ते वर सांगितलंच आहे.

सामान

जुनी सुती पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गुडघ्याखालपर्यंतचे गमबूट. गमबूट तालुक्याच्या गावी स्वस्तात मिळतात आणि नवेच घेतलेले बरे, कारण त्यांवर दुसऱ्या गोठ्याचं काही नसतं. ओढणी, फडफडणारं जॅकेट, छत्री गोठ्यात न्यायची नाही. अत्तर, डिओ, सुगंधी तेल चार दिवस बंद. जनावर वासावरून माणूस ओळखतं आणि दूध तर शेजारचा वास लगेच धरतं. नखं कापून जा, लांब नखानं जनावराच्या सडाला, म्हणजे आचळाला, जखम होते. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ खोलीत ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं ते आठवा, फार वर्षं झाली असतील तर जाण्याआधी घ्या.

आणि केसांच्या पिना, सेफ्टी पिना, साडीच्या टाचण्या काढून ठेवा. यावर जरा थांबते, कारण हे कुणी सांगत नाही. गाय-म्हैस वैरण चावून चावून खात नाही. आधी ओढून गिळते, मग निवांत रवंथ करते. वैरणीत पडलेली पिन, तारेचा तुकडा, खिळा ती तसाच गिळते. तो जाऊन बसतो जाळीदार पोटात, आणि त्याच्या अगदी पुढे, पडद्यापलीकडे, हृदय असतं. पोट आकसताना तार पुढे सरकते आणि हृदयाच्या आवरणात घुसते. जनावर खाणं सोडतं, कोपरं बाहेर काढून उभं राहतं, छातीखाली सूज येते, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. लाखाच्या घरातली म्हैस एका पिनेनं जाते. माझ्या केसांत पहिल्या दिवशी चार पिना होत्या. त्या घरच्या वहिनींनी त्या स्वतःच्या हातानं काढल्या, मोजल्या आणि कोनाड्यात ठेवल्या.

पहिली संध्याकाळ: फक्त ओळख

पहिल्या दिवशी धारेला बसू नका. कुणी आग्रह केला तरी नको. माझी चूक इथेच झाली. मी उतावीळ होते आणि ते भिडेखातर नाही म्हणाले नाहीत.

आधी लांबून उभं राहून बघा. कोण कुठे बांधलंय, कोण कुणाला ढुशी मारतं, कुठली गाय डोकं हलवते. गाय-म्हशीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे तिला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त बरोबर मागचं दिसत नाही. मागून आलेली सावली तिला दचकवते. म्हणून खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जायचं. "हात लावायच्या आधी बोला की तिच्यासंगं, आवाज वळखू दे," असं वहिनी म्हणाल्या होत्या. काय बोलायचं हा प्रश्नच नाही, तिचं नाव घ्या. प्रत्येकीला नाव असतं.

मग हात लावायचा तो मानेला आणि खांद्याला, कपाळाला नाही. कपाळावर हात ठेवला की जनावर ढुशी द्यायला शिकतं. पाठीवर तळहात सपाट ठेवून हळूहळू मागे न्या. मालकानं परवानगी दिली तर खरारा करा. कडक ब्रशनं, केसांच्या दिशेनं. शेपटीच्या मुळाशी आणि गळ्याखाली तिला सगळ्यात आवडतं. गोचीड दिसली तर ओढू नका, दाखवा.

त्यानंतर गव्हाणीजवळ बसून धार होईपर्यंत बघायचं. मोबाइल सायलेंटवर. फ्लॅश अजिबात नको, डोक्याची बॅटरी लावलीच तर झोत जमिनीकडे. कुत्रं बरोबर आणायचं नाही. त्या दोन तासांत तुमचा वास, आवाज, उंची तिच्या ओळखीची होते. आणखी एक वेळ असंच करा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धारेला बसा.

धार काढताना

इथलं शास्त्र समजून घेतलं की हात आपोआप सावध होतो. कासेत दूध असतं, पण ते आपसूक खाली येत नाही. रेडकानं ढुशा दिल्या, कास धुतली गेली, पेंडीचा वास आला, बादलीचा ओळखीचा आवाज झाला की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. ते रक्तातून कासेत पोचतं आणि दूध सडांत उतरतं. यालाच पान्हा म्हणतात. गायीला साधारण एक मिनिट लागतं, म्हशीला त्याहून जास्त. आणि हा पान्हा पाच ते आठ मिनिटंच टिकतो. जनावर बिचकलं की उलटं होतं. भीतीचा स्राव सुटतो, रक्तवाहिन्या आकसतात, आणि असलेलं दूधही वर राहतं. शेवटच्या धारांत सगळ्यात जास्त स्निग्धांश असतो. म्हणून म्हैस दूध चोरते तेव्हा लिटर तर घटतंच, फॅटही पडतं. माझ्यामुळे पावतीवर ६.६ आलं ते असं.

आता क्रम.

गोठ्यातलं शेण आधी काढलेलं असतं. झाडू मारल्यावर लगेच बसत नाहीत, धूळ खाली बसू देतात. पेंड किंवा आंबोण (भिजवलेली पेंड-भरडा) गव्हाणीत पडते. मग रेडकू सोडतात. ते चारही सडांना तोंड लावतं आणि पान्हा येताच त्याला बाजूला बांधतात. ही बाजूला ओढायची वेळ मालकाची, आपण दोरी धरायची नाही.

कास कोमट पाण्यानं धुवायची. बऱ्याच ठिकाणी पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे दोन-तीन कण टाकतात, पाणी फिकट गुलाबी होईल इतपत. मग स्वच्छ कोरड्या फडक्यानं पुसायची, एका जनावराचं फडकं दुसऱ्याला नाही. पुसताना हातावर तिची कास भरत येताना जाणवते. सड ताठ होतात, कातडीवरच्या सुरकुत्या जातात. पुस्तकात वाचून हे कळत नाही. त्या क्षणी आण्णा म्हणायचे, "आली, बसा."

बसायचं त्याच बाजूनं, ज्या बाजूनं घरचे रोज बसतात. घरचे उकिडवे बसतात, आपल्याला जमत नसेल तर छोटा पाट मागा. डोकं किंवा खांदा तिच्या पोटाला हलकेच टेकलेला असू द्या. गाय लाथ मारते ती पुढे आणि बाजूला. अगदी खेटून बसलं तर तिची हालचाल आधी अंगाला कळते आणि लाथेला जोर मिळत नाही. हातभर लांब बसणाऱ्याला पूर्ण लाथ बसते. खोडकर जनावराचे मागचे पाय बांधतात, पण तसं जनावर पाहुण्याला देतच नाहीत.

प्रत्येक सडातून पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या वाटीत, शक्यतो काळ्या किंवा गडद तळाच्या. त्या बादलीत घ्यायच्या नाहीत, कारण सडाच्या तोंडाशी जंतू असतात. त्यात गुठळी, पाणचटपणा, पिवळी-लाल झाक दिसली तर थांबा आणि सांगा. तो कासदाह असू शकतो, गावात त्याला दगडी म्हणतात, कारण कास दगडासारखी घट्ट होते. त्या धारा जमिनीवरही मारू नका, जंतू गोठाभर होतात.

मग मूठ. अंगठा आणि पहिलं बोट सडाच्या मुळाशी, जिथे सड कासेला मिळतो तिथे, वर्तुळासारखं बंद करा. दूध आता सडात अडकलं. मग मधलं बोट, अनामिका, करंगळी अशी एकेक खाली मिटत आणा. दूध बाहेर पडतं. मूठ उघडा, सड पुन्हा भरू द्या, परत. दोन हात आळीपाळीनं. ओढायचं अजिबात नाही. नवशिका माणूस सड खाली खेचतो, तेच जनावराला दुखतं. पुष्कळ जुने लोक अंगठा आत दुमडून काढतात. वेगानं होते, पण अंगठ्याच्या हाडानं सडाला आतून इजा होते, ती सवय लावून घेऊ नका. बोटं दुधात बुडवून ओली करायचीही पद्धत असते, ती टाळा. हात कोरडा ठेवा.

पहिली पाच-सहा वेळा काहीच येणार नाही. मग पिचकारीसारखी एक बारीक धार येईल, बादलीच्या कडेवर आदळेल. शिकायला गाय सोपी. म्हशीच्या सडाच्या तोंडाचा स्नायू जास्त घट्ट असतो, एका मिनिटात मनगट भरून येतं. म्हणून दुसऱ्या दिवशी गायीच्या एका सडाच्या वीस-पंचवीस धारा काढा आणि उठा. मधेच थकून रेंगाळलात तर तिची आठ मिनिटं तुम्ही खाल्लीत. बादली घरच्यांच्या हातात द्या, ते पुढचं झरझर संपवतात आणि आपण त्यांची मनगटं बघत बसतो. तिसऱ्या दिवशी दोन सड. चौथ्या दिवशी मी एका गायीचं जवळपास लिटरभर दूध काढलं, बाकीचं वहिनींनी.

धार संपली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवतात आणि गव्हाणीत ताजी वैरण टाकतात. वैरण मुद्दाम. धारेनंतर अर्धा तास सडाचं तोंड उघडं असतं. जनावर लगेच खाली बसलं तर शेणामुताचे जंतू आत जातात. खायला मिळालं की ते उभं राहतं. ही वैरण टाकायचं काम तुम्ही मागून घ्या, बिनधोक आहे आणि खरोखर उपयोगाचं आहे.

कुणाला औषध चालू असेल तर तिचं दूध वेगळं काढून बाजूला ठेवतात, संस्थेला घालत नाहीत. कुठली बादली कशाची हे विचारल्याशिवाय एका भांड्यातलं दूध दुसऱ्यात ओतू नका.

डेअरीला दूध घालायला

किटली घेऊन घरच्यांबरोबर जा, ही फेरी चुकवू नका. कोल्हापूर जिल्ह्यात गावागावांत दूध संस्था आहेत. बऱ्याच संस्थांचं दूध १९६३ साली सुरू झालेल्या जिल्हा संघाकडे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या गोकुळकडे जातं. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळेत खिडकी उघडते आणि बंद होते. सडातून निघालेलं दूध अंगाच्या उष्णतेचं असतं आणि त्या उबेत जंतू झपाट्यानं वाढतात. ते लवकर बल्क कूलरमध्ये जाऊन चार अंशांपर्यंत थंड व्हावं लागतं. तुमच्या फोटोसाठी थांबून दहा मिनिटं उशीर झाला तर किटली परत घरी येऊ शकते.

खिडकीशी दूध मोजतात, नमुना घेतात, मशीनवर फॅट आणि एसएनएफ बघतात. एसएनएफ म्हणजे पाणी आणि स्निग्धांश वगळून दुधातला बाकीचा घन भाग. गायीचं फॅट साडेतीन-चारच्या आसपास, म्हशीचं सहाच्या पुढे, चांगल्या घरी सात-साडेसात. दोन्ही आकडे मिळून दर ठरतो. छापील पावती हातात येते आणि दहा दिवसांनी बिल खात्यावर. रात्रीचं अंतर जास्त असेल तर सकाळी दूध जास्त आणि फॅट जरा कमी लागतं, संध्याकाळी उलटं. घरच्या बायकांना हे आकडे पाठ असतात. रांगेत शेजारणीला विचारतात, "किती लागलं?" आणि ती आकडा सांगते, नाव-गाव न लागता सगळ्यांना कळतं कशाबद्दल बोलणं चाललंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रांगेत उभी होते, तेव्हा एका आजींनी विचारलं, "तुमच्यामुळं पडलं व्हय काल?" रागानं नव्हे, चौकशीनं. मी हो म्हटलं. त्यांनी मला त्यांच्या घरी म्हशीनं दूध चोरलं की काय करतात ते रांग संपेपर्यंत समजावून सांगितलं.

वैरण आणि शेण

डेअरीहून आलं की न्याहारी आणि मग रानात. इथे दोन कामं पाहुण्याला जमतात, पेंढ्या बांधणं आणि वाहणं. विळ्यानं कापायचं असेल तर डाव्या हाताची मूठ विळ्याच्या वर धरा, पायात बूट असू द्या. वैरण बारीक कापणाऱ्या कुट्टी मशीनला मात्र हात लावायचा नाही. तोंडाशी वैरण ढकलताना बोटं गेलेली माणसं तुम्हाला जवळजवळ प्रत्येक गावात दिसतील. मुलांना मशीन चालू असताना त्या बाजूलाच नेऊ नका.

काय किती घालतात ते बघून वहीत लिहा. मोठ्या दुभत्या जनावराला दिवसाला पंधरा-वीस किलो ओली वैरण, पाच-सहा किलो कडबा किंवा दुसरी सुकी. पेंड-भरडा अंगासाठी दीड किलोपर्यंत, आणि त्यावर गायीला लिटरमागे चारशे, म्हशीला पाचशे ग्रॅम. पाणी साठ-सत्तर लिटर, उन्हाळ्यात आणखी. ऊस पट्ट्यात हंगामात वाढ्यांवर भर असतो. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून जाणते लोक नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवत नाहीत, सोबत दुसरी वैरण आणि क्षारमिश्रण देतात. प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांत दाबून ठेवलेला मुरघास दिसला तर उघडताना जवळ उभे राहा. दीड महिना हवाबंद मुरलेल्या मक्याचा आंबूस-गोड वास येतो आणि अख्खी दावण एकदम माना वळवते.

आपल्या हातानं जनावराला काही भरवू नका. पाहुणे प्रेमानं पोळ्या, भात, केळी, गूळ आणतात. पोळ्यांचा ढीग किंवा भाताचं पातेलं एकदम पोटात गेलं की पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, पोट फुगतं. द्यायचंच असेल तर विचारून, मूठभर.

शेण काढायचं काम आवर्जून करा. उघड्या हातानं करतात, तुम्ही मोजे घातलेत तरी कुणी हसत नाही. ओलं शेण पाटीत भरताना शेणावरून तब्येत कळते. घट्ट गोळा असेल तर पाणी किंवा ओलं कमी, पातळ असेल तर पेंड जास्त किंवा पोट बिघडलंय. घरी गोबरगॅस असेल तर शेण पाण्यात कालवून टाकीत सोडायला मदत करा. दोन घनमीटरच्या टाकीला रोज साधारण पन्नास किलो शेण लागतं, म्हणजे तीन-चार मोठी जनावरं. त्यावर पाच माणसांचा स्वयंपाक होतो. आणि त्याच शेगडीवर तुमचा चहा आलेला असतो.

अकरा ते तीन गोठ्यात जाऊ नका. जनावरं बसून रवंथ करत असतात, ही विश्रांती दुधासाठी लागते. घरची माणसंही पाठ टेकतात, पहाटे साडेचारला उठलेली असतात.

दूध पिताना

कोल्हापुरात रात्री चौकात म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, गंगावेशीसारख्या ठिकाणी पेले घेऊन माणसं उभी असतात. ही जुनी, अभिमानाची परंपरा आहे आणि मुक्कामाच्या घरीही कुणीतरी फेसाळता पेला पुढे करणारच. मी नम्रपणे सांगते, तापवून द्या. ब्रुसेलोसिस आणि क्षय हे आजार कच्च्या दुधातून माणसात येतात, आणि जनावर वरून ठणठणीत दिसत असतं. शहरातल्या पिशवीतलं दूध पाश्चराइझ केलेलं असतं, बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद. घरी उकळी आणली की काम होतं. लहान मुलं आणि गरोदर बायकांनी इथे भीड ठेवूच नये. गरोदर बाईनं विण्याची जागा, वार, गाभ टाकलेलं जनावर यांपासूनही लांब राहावं. ब्रुसेलोसिसचे जंतू तिथेच सगळ्यात जास्त असतात.

उकळल्यावर बोटभर साय येते. ती खाऊन बघा.

पैसे आणि निघताना

काम केलं म्हणून राहण्याच्या पैशांत घासाघीस करू नका. आपल्या मदतीनं त्यांचं काम कमी होत नाही, शिकवण्यात वाढतं. दूध तुटलं असेल तर पैसे हातात देऊ नका, घेणार नाहीत. मी दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावाहून सरकी पेंडेचं एक पोतं आणून गव्हाणीजवळ ठेवलं. आण्णा त्यावर काही बोलले नाहीत, संध्याकाळी त्यातलीच पेंड भिजत घातली.

निघायच्या सकाळी गमबूट ब्रशनं घासून, साबणानं धुऊन उन्हात वाळवा, गोठ्यातले कपडे वेगळ्या पिशवीत. तिथून थेट दुसऱ्या गोठ्यावर जायचा बेत करू नका.

कुणी नुकतीच व्यालेली असेल तर चीक मिळतो का, असं विचारू नका. पहिला चीक रेडकाचा. जन्मल्यापासून तास-दोन तासांत त्याच्या पोटात गेलाच पाहिजे, कारण रोगाशी लढायची ताकद त्याला त्यातूनच मिळते. त्याचं भागून उरला आणि वहिनींनी स्वतःहून बाटली भरली, तर घ्या. बर्फाच्या पिशवीत घालून न्या आणि घरी पोचल्या पोचल्या खरवस लावा. पहिल्या दिवसाचा चीक घट्ट असतो, त्याला दीड-दोन पट दूध, चवीला गूळ, वेलदोडा, जायफळ. कुकरमध्ये शिट्टी न लावता वीस-पंचवीस मिनिटं वाफ. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झाला. मी दूध कमी घातलं आणि वडी रबरासारखी झाली. वहिनींना फोन केला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "चीक पहिल्या धारंचा होता का दुसऱ्या?" मला ठाऊक नव्हतं. बाटली घेताना ते विचारून घ्या.